पक्की ड्यूटी सोडून सिस्टर लोक कॉल ड्यूटी का धरतात? (बेळगाव, निपाणी, खानापूर)

रोस्टर_निपाणी

नमस्कार मंडळी. ३० खाटांच्या खासगी हॉस्पिटलचं ड्यूटी रोस्टर बसवताना दर महिन्याला येणारा प्रश्न मांडतो. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेल्या सिस्टर वर्ष-दीड वर्ष टिकतात. हात बसला, सलाईन-कॅथेटर बिनचूक व्हायला लागलं की पक्की नोकरी सोडून होमकेअर ब्युरोच्या केसेस घेतात, ॲपवरून व्हिजिट करतात, नाहीतर दोन-तीन हॉस्पिटलांत रोजावर नाइट करतात. यालाच आम्ही कॉल ड्यूटी म्हणतो. गंमत म्हणजे सोडून गेलेल्यांनाच पुढच्या महिन्यात कॉलवर बोलवावं लागतं, आणि त्या येतातही! लॅब टेक्निशियनचं तेच, घरोघरी सॅम्पल घ्यायला जातात.

पगार वाढवून बघितला, दोन महिने फरक पडला, मग पुन्हा तेच. तर विचारायचंय असं: कारण फक्त पैसा आहे का? असेल तर हिशेब नेमका कसा होतो? आणि पगाराशिवाय हॉस्पिटलनं काय बदलावं? नव्या मुली विचारतात, "सर, सोडू का?" त्यांना खरं काय सांगावं, तेही लिहा.

"आजकालच्या पोरींना कष्ट नकोत" हे उत्तर माहीत आहे, ते नको. घरी पेशंटला बारा तास एकटीनं सांभाळणं हे वॉर्डपेक्षा सोपं नाही.

---

इन्चार्ज_शहापूर

दादा, आधी हिशेब करू, कारण तुम्ही महिन्याचा आकडा बघता आणि सिस्टर तासाचा बघते. उदाहरण म्हणून पगार १६,००० धरू. तुमच्या भागाचा आकडा वेगळा असेल तर तो घाला, रीत तीच राहील.

महिन्याला २६ ड्यूट्या, सरासरी ८ तासांच्या, म्हणजे २०८ तास. त्यात हँडओव्हरचा (पुढच्या सिस्टरला काम सोपवण्याचा) अर्धा तास कुणी धरत नाही. २६ ड्यूट्यांचे ते १३ तास मिळवले की झाले २२१. १६,००० भागिले २२१, तासाला ७२ रुपये. आता कॉल ड्यूटी: १२ तासांचे १,००० हातात मिळतात असं धरलं आणि महिन्याला २० केल्या, तर २४० तासांचे २०,०००, तासाला ८३ रुपये. सिस्टरला दिसतात ते ७२ आणि ८३.

आता तुमच्या हॉस्पिटलात पीएफ आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) खरोखर भरला जात असेल तर मालकाच्या बाजूने पीएफचे १,८०० (१५,००० च्या मर्यादेवर १२ टक्के) आणि ईएसआयचे ५२० (१६,००० वर ३.२५ टक्के) तिच्या नावावर पडतात. १८,३२० भागिले २२१ केलं तर तेही ८३ च येतात. म्हणजे कागद पक्के असतील तर दोन्ही पारडी सारखी, वर पगारी रजा पक्क्या नोकरीतच. पण तिच्या हातात पडतात १४,०८०, कारण तिच्या वाट्याचे १,८०० आणि १२० कापले जातात, आणि पासबुक तिला कुणी दाखवलेलं नसतं. समोर २०,००० दिसत असताना १४,०८० कोण धरून बसेल?

जिथे नेमणूकपत्र नाही, पीएफ नाही, ईएसआय नाही, तिथे "पक्की" म्हणायला काय उरतं सांगा. उद्या या म्हणाले तर यायचं, नको म्हणाले तर नाही. एवढीच हमी असेल तर कॉल ड्यूटीही तीच देते, आणि रोख देते. पगार कधी ७ ला, कधी १५ ला. बचतगटाचा आणि मायक्रोफायनान्सचा हप्ता मात्र आठवड्याला ठरल्या वारी दारात. रोजचा पैसा त्या हप्त्याशी बरोबर जुळतो, त्यामुळे वाढवलेल्या पगारापेक्षा वेळेवर दिलेला पगार जास्त लोक टिकवतो असं माझं मत आहे.

पैशानंतरचं कारण रोस्टर, आणि खरं म्हणजे तेच पहिलं असावं. सकाळ ८ ते २, दुपार २ ते ८, रात्र ८ ते ८ ही आपल्याकडची नेहमीची विभागणी. दुपारची ड्यूटी आठला सुटते, हँडओव्हर होऊन साडेआठ. त्यानंतर खानापूरच्या आतल्या गावांकडे किंवा निपाणीहून खेड्यांकडे गाडी कुठली? ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना सरकारी बस फुकट झाली, पण बसच नसेल तर त्याचा उपयोग काय. सकाळी आठ ते रात्री आठ अशी घरची केस घेतली तरी तीच अडचण, म्हणून बऱ्याच जणी नाइटच मागतात: संध्याकाळच्या बसने जायचं, सकाळच्या बसने परत. पक्क्या नोकरीत सगळ्या नाइट मागता येत नाहीत, आठवड्याला शिफ्ट फिरते आणि रोस्टर लागतं शनिवारी संध्याकाळी. पोराची शाळा, सासूचं डायलिसिस, गावची जत्रा यातलं काहीच आधी ठरवता येत नाही. कॉल ड्यूटीत "या मंगळवारी नाही" म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही.

अजून एक, जे कुणी उघड बोलत नाही. मूळ मार्कशीट आणि रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट हॉस्पिटलच्या कपाटात ठेवून घेतात. हे ऐकूनच अर्ध्या मुली पक्की नोकरी टाळतात. झेरॉक्स बघा, मूळ कागद पडताळा आणि त्याच दिवशी परत द्या.

---

पॅथॉलॉजी_टिळकवाडी

सॅम्पल कलेक्शनचं थोडं वेगळं आहे. तिथे पैसा दिवसाच्या तीन तासांत असतो. उपाशीपोटीची सॅम्पल साधारण साडेसहा ते साडेनऊ. एका व्हिजिटला पार्किंग, नाव पडताळणं, शीर शोधणं, लेबल धरून पंधरा मिनिटं आणि मधला प्रवास दहा मिनिटं. म्हणजे शहरात सात व्हिजिट होतात, येळ्ळूर, काकती, हिंडलगा असं पसरलेलं असेल तर चार. व्हिजिटमागे पैसे मिळणाऱ्याला किलोमीटरचे पैसे वेगळे नसतील तर खेड्याची फेरी तोट्याची पडते. ठरवतानाच विचारावं: किलोमीटर किती, पेशंट घरी नसला तर काय, आणि रिकलेक्शन (पुन्हा सॅम्पल घेणं) कुणाच्या खर्चाने.

रिकलेक्शन हीच मेख आहे, कारण बहुतेक ठिकाणी त्याचे पैसे मिळत नाहीत. सॅम्पल खराब होण्याची कारणं ठरलेली असतात. सिरिंजने जोरात ओढलं किंवा सुईतून दाबून ट्यूबमध्ये सोडलं की पेशी फुटतात, पोटॅशियम खोटं वाढलेलं येतं. ट्यूब बर्फाला थेट टेकली तरी तेच, आइसपॅक आणि ट्यूब यांच्यामध्ये फडकं किंवा स्टँड हवा. टर्निकेट (दंडाला बांधायचा पट्टा) एक मिनिटापेक्षा जास्त नको. निळी सायट्रेट ट्यूब खुणेपर्यंत भरलीच पाहिजे: ०.३ मिली औषधाला २.७ मिली रक्त, कमी पडलं तर पीटी-आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) चुकतो. भरण्याचा क्रम निळी, मग लाल किंवा पिवळी, हिरवी, जांभळी, शेवटी करडी. जांभळीतलं ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) पिवळीत उतरलं तर कॅल्शियम कमी आणि पोटॅशियम जास्त दिसतं, आणि डॉक्टर लॅबला फोन करतात. साधी ट्यूब दोन तासांच्या आत सेंट्रिफ्यूजला लागली पाहिजे, म्हणून लांबच्या घरापासून सुरुवात करून लॅबकडे येत चला, म्हणजे पहिलं रक्तही पेटीत कमी वेळ राहील. 

साडेनऊनंतर दिवस मोकळा, म्हणून दुपारी कुठल्यातरी लॅबच्या बेंचवर अर्धवेळ काम करणारे बरेच आहेत. रोस्टर साहेब, तुमचा टेक्निशियन लॅबला कंटाळून गेलाय असं समजू नका. त्याला दुपारचे चार तास दिलेत तर तो येईलही.

---

होमकेअर_खानापूर

शहापूरच्या ताईंचा ८३ चा हिशेब मान्य, पण एक बाजू राहिली. घरच्या केसमध्ये २० ड्यूट्या सलग मिळतील हे गृहीत धरू नका. पेशंट ॲडमिट झाला, गेला, किंवा मुलीनं स्वतःच करायचं ठरवलं की केस त्याच दिवशी तुटते. पुढची मिळेपर्यंत चार दिवस गेले तर २० च्या १६ होतात आणि हातात १६,०००. त्यामुळे ब्युरोला तीन प्रश्न आधी विचारावेत: घरच्यांकडून किती घेता आणि मला किती, केस मध्येच तुटली तर त्या दिवसाचे पैसे पूर्ण की तासावर, आणि पैसे किती दिवसांनी. उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी घ्यायचं. फोनवरच्या बोलण्याला नंतर काही अर्थ राहत नाही.

त्याहून मोठी गोष्ट जबाबदारीची. वॉर्डात हाक मारली की डॉक्टर येतो. राकसकोपच्या वाटेवरच्या घरात रात्री दोनला कुणी येत नाही. म्हणून नव्या मुलीने दोन वर्षं वॉर्ड केल्याशिवाय घरची केस घेऊ नये असं माझं ठाम मत आहे, पैसे कितीही असोत.

केस घेताना हे बघायचं:

डॉक्टरांची सही असलेली लेखी ऑर्डर. औषधाचं नाव, डोस, मार्ग, किती वेळात द्यायचं, किती दिवस. "मागच्या सिस्टर देत होत्या तेच" ही ऑर्डर होत नाही. सोबत डिस्चार्ज कार्ड आणि ॲलर्जीची नोंद.

इंजेक्शनच्या अँटिबायोटिकचा पहिला डोस घरी द्यायचा नाही. हॉस्पिटलात द्यायचा, तिथे अर्धा तास बसवायचं, पुढचे घरी. तरीही किटमध्ये ॲड्रेनालिनचे दोन ॲम्प्यूल, १ मिलीत १ मिग्रॅचे. ॲनाफायलॅक्सिस (जीवघेणी ॲलर्जी) झाला तर मोठ्या माणसाला ०.५ मिली मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, गरज पडली तर पाच मिनिटांनी पुन्हा, पेशंट आडवा, पाय वर, आणि लगेच १०८. एविल आणि हायड्रोकॉर्टिसोन (ॲलर्जीची इतर औषधं) आधी देत बसण्यात वेळ जातो. हे कधी आणि कुणाच्या सांगण्यावरून द्यायचं तेही डॉक्टरांकडून आधीच लेखी घेऊन ठेवायचं.

सेफ्ट्रायॅक्सोन चालू असताना त्याच लाइनमधून रिंगर लॅक्टेट सोडायचं नाही, त्यात कॅल्शियम असतं आणि गाळ बसतो. पोटॅशियम क्लोराइडची केस असेल तर घरी नाहीच म्हणायचं.

फोलीज कॅथेटर (लघवीची नळी) लॅटेक्सचा असेल तर दोन ते चार आठवडे, पूर्ण सिलिकॉनचा बारा आठवड्यांपर्यंत. कोणता घातलाय आणि कधी, हे पिशवीवर मार्करने लिहिलेलं नसेल तर पहिल्या दिवशी डॉक्टरांना विचारून लिहा. बदलताना बलून फुगत नसेल किंवा पेशंटला दुखलं तर जोर नाही, बलूनमधलं पाणी काढून घ्यायचं आणि डॉक्टरांना विचारायचं.

सामान कुणाचं, हे राहून जातं. ग्लोव्हज, गॉज, नॉर्मल सलाईन, टेप. बेडसोरच्या ड्रेसिंगला दिवसाला दोन जोड ग्लोव्हज आणि दोन पॅक गॉज सहज जातात, व्हिजिटच्या पैशातून हे गेलं तर उरतं काय? घरच्यांनी आणायचं आणि यादी पहिल्याच दिवशी द्यायची. सुया मात्र त्यांच्या कचऱ्यात टाकू नका. जाड प्लास्टिकचा झाकणाचा डबा ठेवा, पाऊण भरला की बायोमेडिकल कचरा उचलणाऱ्या हॉस्पिटलात किंवा लॅबमध्ये द्या.

सुई टोचली तर साबण-पाण्याने धुवा, पिळू नका आणि तडक सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध दोन तासांत सुरू झालेलं उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही, कोर्स २८ दिवसांचा. हॉस्पिटलात याचं रजिस्टर असतं, घरच्या केसला तुमचं तुम्हीच. हिपॅटायटिस बी चे तीन डोस (०, १ आणि ६ महिने) झालेत का, आणि शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी टायटर (रक्तातल्या अँटिबॉडीचं प्रमाण) १० च्या वर आलाय का, हे न बघता या कामात पडणं वेडेपणा आहे.

---

हिशेबनीस_कॅम्प

कागदाच्या बाजूने थोडं, कारण इथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली चालल्यात.

रोस्टर साहेब, तुम्ही जिला रोजावर बोलवता ती तुमच्या हॉस्पिटलची कर्मचारीच ठरते. कॉल ड्यूटी म्हटल्याने ती गिग कामगार होत नाही. ईएसआयला पहिल्या दिवसापासून रोजंदारीही धरली जाते, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी, महिना २१,००० पर्यंतच्या पगाराला. तिचा वाटा ०.७५ टक्के. सहा महिन्यांच्या हप्ता-काळात ७८ दिवस भरले की आजारपणाची रजा पगाराच्या ७० टक्क्यांनी वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळते. बाळंतपणाच्या लाभाला आधीच्या दोन हप्ता-काळांत मिळून ७० दिवस लागतात. तीन हॉस्पिटलांत थोडं थोडं करणाऱ्या मुलीचे दिवस कुणीच भरत नाही, आणि नेमकी लग्न-बाळंतपणाच्या वयात ती उघडी पडते. हा तोटा ताईंच्या ८३ मध्ये दिसत नाही.

ॲपवरून काम मिळत असेल तर कर्नाटकचा २०२५ चा प्लॅटफॉर्म गिग कामगार कायदा आहे, आणि त्याच्या अनुसूचीत आरोग्यसेवा आहे. कामगाराला दिलेल्या रकमेवर १ ते ५ टक्के कल्याण शुल्क कंपनीनं भरायचं. तुमच्या पैशातून कापत असतील तर तक्रार करा. काढून टाकायचं तर लेखी कारण आणि १४ दिवसांची नोटीस. पण हा कायदा डिजिटल मध्यस्थासाठी आहे. व्हॉट्सॲपवर आणि वहीत चालणाऱ्या गल्लीतल्या ब्युरोला तो लागू होईल या भरवशावर राहू नका. केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिताही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. ई-श्रमची (असंघटित कामगारांची सरकारी) नोंदणी फुकट आहे, ती करून ठेवा. २०२५ च्या अर्थसंकल्पात गिग कामगारांना त्याच नोंदणीवरून आयुष्मान भारतचं पाच लाखांचं कवच जाहीर झालंय.

कराचं: ब्युरो किंवा ॲप "प्रोफेशनल फी" म्हणून १० टक्के टीडीएस कापतं. वर्षाला २,४०,००० मिळाले तर २४,००० गेले. एवढ्या उत्पन्नावर कर बसत नाही, रिटर्न भरला की ते परत येतात. रिटर्न न भरल्याने हे पैसे सरकारकडे सोडून देणाऱ्या सिस्टर फार आहेत.

स्वतःचं पीएफ स्वतः करायचं असेल तर पीपीएफ वर्षाला ५०० पासून. अपघात विमा सरकारी २० रुपयांचा आणि जीवन विमा ४३६ रुपयांचा, दोन्ही बँक खात्यातून वर्षाला कापले जातात. हे सगळं केलं तरी ईएसआयची बरोबरी होत नाही, पण शून्यापेक्षा बरं.

आणि पगाराचा विषय निघालाच आहे तर: सुप्रीम कोर्टाच्या २९ जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने ५० खाटांपेक्षा कमी हॉस्पिटलात नर्सला किमान २०,००० ची शिफारस केली होती. शिफारसच ती, सक्ती नाही. पण दहा वर्षांपूर्वीची आहे, हे ध्यानात असू दे.

---

रोस्टर_निपाणी

सगळ्यांचे आभार, रोजंदारीच्या ईएसआयचं उद्याच बघतो. अजून दोन गोष्टी. आमच्याकडच्या काही सिस्टर कागल, गडहिंग्लज, चंदगडच्या घरांत जातात, काही बेळगावहून चोर्ल्यामार्गे गोव्याला. कर्नाटकच्या रजिस्ट्रेशनवर चालतं का? आणि ब्युरोत केलेलं काम पुढे अनुभव म्हणून धरतात का?

---

चंदगडी

चालत नाही. ज्या राज्यात नर्स म्हणून काम, त्या राज्याच्या कौन्सिलचं रजिस्ट्रेशन. कर्नाटकात कर्नाटक स्टेट नर्सिंग कौन्सिल, इकडे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल, गोव्यात त्यांचं. काही वाईट घडलं आणि पोलीस किंवा ग्राहक मंचाकडे गेलं तर पहिला प्रश्न तोच येतो. डॉक्टरांना मात्र २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी देशात कुठल्याही पेशंटला फोनवर सल्ला देता येतो, म्हणून बेळगावचा डॉक्टर चंदगडच्या पेशंटची ऑर्डर बिनधास्त पाठवतो आणि सुई टोचणारी सिस्टर अडकते.

रीत अशी: आधी इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नर्सेस रजिस्ट्रेशन अँड ट्रॅकिंग सिस्टिमवर स्वतःचा एनयूआयडी (देशपातळीवरचा ओळख) नंबर आहे का बघा. मग मूळ कौन्सिलकडे एनओसी आणि पडताळणीचा अर्ज, त्यानंतर दुसऱ्या कौन्सिलकडे परस्पर नोंदणीचा. पाच वर्षांनी नूतनीकरण, त्याला १५० तासांचं सीएनई (नोकरीत असताना घ्यायचं नर्सिंगचं पुढचं शिक्षण). ब्युरोत गेल्यावर हे तास कुणी आयते देत नाही, हॉस्पिटलात असताना वर्षाला ३० गोळा करून ठेवावेत.

अर्ज अडकतो तो नावावर. कर्नाटकच्या मार्कशीटवर आद्याक्षरं, महाराष्ट्राच्या कागदावर आडनाव-नाव-वडिलांचं नाव, आधारवर लग्नानंतरचं. तिन्हीकडे वेगळी बाई दिसते. लग्नाचा दाखला, प्रतिज्ञापत्र आणि लागलं तर गॅझेट, हे आधी करा. नंतर धावपळीत होत नाही.

अनुभवाचं: एम्सच्या नॉरसेट (नर्स भरतीच्या) परीक्षेला जीएनएमवाल्यांना किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. घरच्या केसेस धरत नाहीत. आखाती देशांच्या लायसन्सलाही हॉस्पिटलच्या लेटरहेडवरचं पत्र लागतं आणि ते तिकडून पडताळतात. पण दादा, राग मानू नका, तुमच्या ३० खाटाही नॉरसेटला धरत नाहीत. मुलीला हे माहीत असतं. तिच्या दृष्टीने तुमची पक्की आणि ब्युरोची कच्ची दोन्ही पुढे नेत नाहीत, मग जास्त रोख देईल तिकडे ती जाणार. कर्नाटकच्या सरकारी भरतीला कन्नडची पात्रता लागते, मराठी माध्यमातल्या मुली तिथेच निम्म्या गळतात.

---

इन्चार्ज_शहापूर

चंदगडींनी वर्मावर बोट ठेवलं. म्हणूनच "सोडू का?" म्हणणारीला मी एकच उलटा प्रश्न विचारायला सांगेन: पुढच्या तीन वर्षांत तुला कुठे जायचंय? एम्स किंवा बाहेरचा देश असेल तर ब्युरो नको आणि ३० खाटाही नकोत, ५० च्या वरचं हॉस्पिटल बघ. इथेच राहून घर सांभाळायचं असेल तर अर्धी पक्की, अर्धी कॉल हा मार्ग वाईट नाही. फक्त ईएसआय-पीएफ एका ठिकाणी चालू ठेव.

आता तुमच्या रोस्टरचं गणित, कारण भोक तिथे आहे. चोवीस तास एक जागा भरायची तर वर्षाला ३ × ३६५ = १,०९५ ड्यूट्या. एक सिस्टर महिन्याला २६ प्रमाणे वर्षाला ३१२, त्यातून रजा, सण, आजारपण मिळून ३७ वजा केल्या तर २७५ करते. म्हणजे एका जागेला चार जणी. वॉर्ड, कॅज्युअल्टी आणि ओटी-लेबर रूम अशा तीन जागा धरल्या तर बारा. तुमच्याकडे दहाच असतील तर वर्षाला ५३५ ड्यूट्या, महिन्याला पंचेचाळीसच्या आसपास, डबल ड्यूटीने किंवा कॉलने भरता. नाइटनंतरची सुट्टी धरली तर भोक आणखी मोठं. त्या डबल ड्यूट्या राहिलेल्या दहा जणींवर पडतात, त्यातली एक सोडते आणि उरलेल्या नऊ जणींच्या डबल वाढतात. पगारवाढीने दोन महिनेच फरक पडला त्याचं कारण बहुधा हेच.

करण्यासारखं: दुपारची शिफ्ट १ ते ७ करा, सकाळची ७ ते १, म्हणजे शेवटची बस मिळते. रोस्टर चार आठवडे आधी लावा आणि बदल फक्त दोघींच्या लेखी संमतीने. ज्यांना नाइटच हव्यात त्यांना कायम नाइट द्या, पण सलग चारच्या वर नको. पाचव्या रात्री पहाटे चारला इन्सुलिनचा डोस चुकतो. इन्सुलिन, हेपॅरिन आणि पोटॅशियमला दुसऱ्या सिस्टरची सही कुठल्याही शिफ्टला ठेवाच. १२ तासांच्या चार ड्यूट्या आणि तीन दिवस सुट्टी हा आराखडाही ४८ तासांतच बसतो आणि माणसंही तेवढीच लागतात, पण दिवसाच्या तासांच्या मर्यादेमुळे ओव्हरटाइमचा प्रश्न येतो, तो कामगार सल्लागाराला दाखवून मगच.

कॉलवाल्यांना तोडू नका. आठ-दहा जणींची यादी करा, त्यांचं केवायसी, रजिस्ट्रेशनची तारीख, हिपॅटायटिस बी चा टायटर फाइलला लावा. दर एकच ठेवा आणि तो वॉर्डात लावा. पक्कीला न सांगता कॉलवालीला जास्त दिलं की ते चहाच्या आधी सगळ्यांना कळतं. पहिल्या कॉलच्या दिवशी तासभर आधी बोलवून त्या तासाचे पैसे द्या आणि क्रॅश कार्ट (तातडीच्या औषधांची ट्रॉली), ऑक्सिजनचा मेन व्हॉल्व्ह, सक्शन, ब्लड बँकेचा नंबर दाखवा. कॉलवालीला नवख्या वॉर्डात पहिल्याच रात्री एकटी सोडायचं नाही, सोबत एक पक्की हवीच.